रिकाम्या खोलीचा आवाज

...हेडफोनच्या डाव्या गादीचं काळं आवरण इतकं विरलं होतं की नुसतं बोट लावलं तरी पापुद्रा सुटून यायचा, आणि एक सुटला की दुसरा सोलल्याशिवाय बोटांना चैन पडायची नाही — आतला पिवळट स्पंज आता चांगला नखाएवढा उघडा पडला होता. हे पापुद्रे तिच्याबरोबर घरी यायचे. कानाच्या पाळीला, मानेला, केसांत. बाबा म्हणायचे, "आज कुठल्या कोळशाच्या खाणीत होतीस?" आणि स्वतःच्याच विनोदावर इतके हसायचे की त्यांच्या कानातलं यंत्र शिट्टी वाजवायला लागायचं. नवा हेडफोन घ्यायला कुणाची ना नव्हती. पण ह्या गाद्यांना तिच्या डोक्याचा आकार ठाऊक होता, आणि नव्याशी पुन्हा पहिल्यापासून जुळवून घ्यायचं म्हणजे... असो. तिने पापुद्रा टिचकीने उडवला. समोरच्या पडद्यावर खिडकीवाली कालपासून तोंड अर्धवट उघडून थांबली होती.

खिडकीवाली हे एडिटच्या खोलीतलं नाव. माहितीपटाच्या धंद्यात नावं फाइलींना असतात आणि माणसांना टोपणनावं — टोपीवाला कामगार, हसरा डॉक्टर — आणि ही घरातल्या एकुलत्या एका खिडकीशी बसून बोलली म्हणून खिडकीवाली. दगड दळून त्यांची पांढरी भुकटी करायच्या गिरण्या, त्या भुकटीने छाती भरलेली माणसं आणि त्यांची घरं, हा फिल्मचा विषय. गेले कित्येक महिने ती बाबांपेक्षा जास्त वेळ ह्या बाईबरोबर राहत होती. बोलायच्या आधी ही उजव्या अंगठ्याने डाव्या अंगठ्याचं नख घासते, 'चाललंय आपलं' म्हणताना खाली बघते, आणि खरोखर रडू आलं की अजिबात रडत नाही, खिडकीबाहेर बघून म्हणते, 'ऊन आलं' — हे सगळं तिला पाठ होतं. बाईला मात्र ती ह्या जगात आहे हेसुद्धा माहीत नव्हतं. एडिटरला माणसं भेटत नाहीत, त्यांची चित्रं भेटतात, आणि ते बरंच आहे असं तिचं मत होतं. भेटलं की भीड पडते, आणि भीड पडली की कात्री चालत नाही.

आणि आज ती येणार होती. खरी, हाडामांसाची, पहाटेच्या बसने.

हा दिग्दर्शकाचा नियम. फिल्ममध्ये ज्यांची माणसं आहेत, ज्यांची घरं आहेत, त्यांनी ती आधी बघायची, 'हो' म्हणायचं, मगच ती बाहेर जायची. ह्या एका नियमासाठी तिने त्याच्या बाकीच्या सगळ्या तऱ्हा पोटात घातल्या होत्या. एरवी हे दाखवणं तो स्वतः करायचा — पाणी देणं, शेजारी बसणं, योग्य जागी गप्प राहणं, ह्यात त्याचा हात कुणी धरला नसता. पण सकाळी त्याचा फोन. नव्या फिल्मच्या गावी अडकलाय, रस्त्यासाठी पाडायची घरं आजच पाडतायत, आज नाही घेतलं तर कधीच नाही. "अगं, तू दाखव ना. तुझ्याच हातची आहे फिल्म. आणि ती हो म्हणाली की लगेच पाठवून दे, उद्या सकाळी मुदत संपतेय." पलीकडे यंत्राचा धडधडाट होता. तिने नाही म्हणायला तोंड उघडलं तोवर फोन बंद. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं त्याचं सगळं... पण माणूस वाईट नाही. वाईट असता तर सोपं झालं असतं.

खिडकीवालीचा नवरा फिल्ममध्ये नव्हता. म्हणजे शूटिंगच्या दिवशी घरातच होता, आतल्या खोलीत, पडद्यापलीकडे खाटेवर. पण 'माझं चित्र घ्यायचं नाही' असा निरोप त्याने आधीच पाठवला होता. जो माणूस एकटा पोतं पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकात चढायचा, त्याला उशीला टेकवलेलं कुणी बघायचं नव्हतं. दिग्दर्शकाने शब्द पाळला. कॅमेरा त्या पडद्याकडे वळला नाही. पण मायक्रोफोनला कुठला पडदा? बाईच्या प्रत्येक वाक्याखाली तो श्वास होता — शिट्टी वाजवत ओढून घेतलेला, आणि मग जड पेटी फरशीवरून सरकवावी तसा घरघरत सुटणारा. दोन-चार दिवस ते ऐकल्यावर दिग्दर्शक म्हणाला, "तो मागचा घरघराट जरा बघ ना. ती बोलते तेव्हा लक्ष तिकडे जातं."

तिने बघितलं. मशीनला सांगितलं तर मशीन श्वासाबरोबर शब्दांचीही सालं काढतं, म्हणून तिने हाताने केलं, अक्षर न अक्षर, 'म्हणजे' मधल्या 'म्ह' खाली लपलेला श्वास वेगळा काढायचा आणि 'म्ह' तसाच ठेवायचा. डोळे लाल, पाठीचा काटा ढिला. शेवटी ऐकवलं तेव्हा दिग्दर्शक खुर्चीतून उठला आणि त्याने टाळी वाजवली. तिलाही आवडली ती टाळी, का आवडू नये... असं काम हाताखालून रोज जात नाही. फिल्म पूर्ण होता होता नवरा गेल्याची बातमी आली आणि शेवटच्या काळ्या पाटीवर एक ओळ वाढली. त्या वस्तीत डॉक्टरांची तपासणीची गाडी आली ती त्याच्या नंतर — बैल गेला नि झोपा केला. मग मागच्या आठवड्यात नव्या विषयासाठी डिस्का मोकळ्या करायच्या म्हणून तिने शूटिंगचा सगळा कच्चा माल पुसला. नेहमीप्रमाणेच. एक बटण, एक निळी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकत जाते, आणि तेवढ्या वेळात चहा होतो.

एक गोष्ट मात्र ती कधी पुसायची नाही, आणि ती कुणाला ठाऊकही नव्हती. शांतता. बोलणं कापलं की मधे भोक पडतं, आणि ते भोक नुसतं मोकळं सोडलं तर कानाला ठेच लागते; म्हणून बोलणं संपल्यावर आवाजवाला सगळ्यांना गप्प बसवतो आणि त्या खोलीची एक मिनिटभर शांतता घेऊन ठेवतो. धंद्यात त्याला रूम टोन म्हणतात. तीच शांतता मग ठिगळासारखी सगळीकडे लावायची. ह्या फिल्मच्या आवाजवाल्याची पद्धत ठरलेली — हात वर करायचा, नेहमीचा विनोद करायचा, 'एक मिनिट, कुणी हलायचं नाही, बोलायचं नाही, श्वाससुद्धा घ्यायचा नाही,' लोक खुदकन हसायचे, मग चूप व्हायचे. आणि मिनिट भरलं की तो तोंडाने काही म्हणायचा नाही, कारण त्याच्या मते शेवटचा क्षण बोलून नासवणं पाप, तो नुसता अंगठा उंच करायचा. अंगठा दिसला की सुटलो. अशा कितीतरी फिल्मांच्या शांतता तिने जमवल्या होत्या. कोर्टाच्या व्हरांड्याची, बंद पडलेल्या शाळेची, बालरुग्णांच्या वॉर्डाची. कुणी नाणी जमवतं, मी हे जमवते... कधी मन विटलं की ती डोळे मिटून एखादी लावायची. हेडफोनच्या आत, काळोखात, लपाछपीत कपाटात लपून बसल्यासारखं वाटायचं.

कपाटात ती खरंच बसली होती एकदा. सहा-सात वर्षांची असेल. बाबांच्या कोटांमागे, गुडघे हनुवटीला लावून, श्वास तोंडानेसुद्धा न घेता — सापडायचं नाही म्हणजे नाही. बाहेर पावलं आली, गेली. मग आलीच नाहीत. ज्याच्यावर राज्य होतं त्याला आईने जेवायला बोलावलं होतं आणि बाकीची पांगली होती, पण ते कपाटाच्या आत कसं कळणार... किती वेळ गेला कोण जाणे, बाबांनी दार उघडलं, आधी दचकले, मग म्हणाले, "सुटलीस गं. ये बाहेर." आणि तिने एवढ्या मोठ्याने श्वास सोडला की बाबांना वाटलं ही रडतेय.

दार वाजलं.

बाई पडद्यावर होती त्यापेक्षा बुटकी निघाली. एडिटर मनातल्या मनात खजील झाली, जणू आपणच तिला महिनोन्महिने खोटी उंची दिली होती. हातात कापडी पिशवी, पायांत बंद चपला, आणि प्रवासाने चेहऱ्याला आलेली ती पिवळट झाक. "मॅडम, हेच ना ते ऑफिस?" आवाज मात्र तोच, अगदी तोच, आणि तो पलीकडून न येता समोरून येतोय ह्याचं तिला इतकं नवल वाटलं की उत्तर द्यायला क्षणभर उशीर झाला.

"या ना ताई. बसा. आधी पाणी घ्या."

तिने पाणी दिलं, चहा दिला, पंखा कमी केला. मी तुम्हाला ओळखते, असं म्हणावंसं वाटत होतं, म्हणजे किती ओळखते ह्याची तुम्हाला कल्पना नाही, तुम्ही वाक्याच्या मधे कुठे थांबणार हे मला तुमच्या आधी कळतं... पण असं कुणाला म्हणतात का. त्याऐवजी ती म्हणाली, "बस वेळेवर मिळाली?"

"मिळाली की. साहेब नाहीत?"

"ते बाहेरगावी आहेत. मीच दाखवते. मी... जोडायचं काम करते."

बाईने मान हलवली. जोडायचं काम तिला पटलेलं दिसलं.

मग अंधार केला आणि फिल्म लावली. एडिटर पडद्याकडे बघतच नव्हती; ती बाजूने बाईचा चेहरा बघत होती, दिग्दर्शक नेहमी बघायचा तसं, कुठे कपाळाला आठी पडते, कुठे नजर खाली जाते. गिरणी आली, पांढरी झाडं आली, पांढऱ्या भुवयांचे कामगार आले. बाई शांत. स्वतःचा चेहरा पडद्यावर आला तेव्हा तिने बाहीने तोंड पुसलं, जणू तिथलं इथून पुसलं जाईल. आणि मग, बोलणं सुरू झाल्यावर थोड्याच वेळात, तिने डोळे मिटले. प्रवासाने थकली बिचारी, एडिटरला वाटलं. थोड्या वेळाने बाई खुर्चीतच उजवीकडे कलली, स्पीकर होता त्या बाजूला, आणि शेवटपर्यंत तशीच कललेली राहिली. शेवटची काळी पाटी आली तेव्हाही तिने डोळे उघडले नाहीत, म्हणजे नवऱ्याच्या मृत्यूची ओळ तिने वाचलीच नाही. तिला ती वाचायची गरजही नव्हती म्हणा.

दिवा लावला.

"चांगलं झालंय," बाई म्हणाली. "खरं आहे ते दाखवलंय. खोटं नाही काही."

"मग पाठवू ना पुढे? तुमची ना नाही?"

"पाठवा की. बघू देत लोकांना." उजवा अंगठा डाव्या नखावर गेला. एडिटरला कळलं, आता ही बोलणार. "ताई, ह्यांचा आवाज कुठेय?"

"ते... बोलले नव्हते ना त्या दिवशी."

"बोलायचे कुठून? श्वास. मी बोलत होते तेव्हा आत चालला होता की. तुमच्या त्या माणसाने हे डोक्याला लावायचं मला लावून दाखवलं होतं. म्हणाला, बघा, सगळं येतंय, आतलंसुद्धा. मी ऐकला होता ना."

पंखा फिरत होता. एडिटरने टेबलावरचे काळे पापुद्रे बोटाने एका जागी गोळा केले.

"वर्षं काढली त्या आवाजात," बाई म्हणाली. ती तक्रार करत नव्हती, सांगत होती. "झोप म्हणून नाही. उशीखाली डोकं घालायचे मी. कधी कधी तर वाटायचं, देवा, एकदाचं थांबव हे. थांबलं. आता घरात काहीसुद्धा वाजत नाही. सासूबाई म्हणतात होईल सवय... मला वाटलं, इथे असतील. एवढं लांब आले ते म्हणूनच. फोटो त्यांनी काढू दिला नाही कधी, आजारपणातला. म्हटलं, आवाज तरी आहे."

"मी बघते," एडिटर म्हणाली. "असेल. शोधते मी." आणि हे म्हणतानाच तिला ठाऊक होतं की नाहीये, निळी पट्टी डावीकडून उजवीकडे कधीच सरकून गेलीय, आणि त्याआधी तिने स्वतःच्या हाताने, लाल डोळ्यांनी, अक्षर न अक्षर... छातीच्या रोगावरची फिल्म, आणि तिच्यातून श्वास काढून टाकला ह्याची टाळी घेतली! कुणालाच सुचलं नाही. तिलाही नाही. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, असं ती बघणाऱ्या लोकांबद्दल नेहमी म्हणायची, महोत्सवांतल्या, गार हॉलमधल्या लोकांबद्दल. म्हणायची मोठ्या तोऱ्यात.

तिने बाहेरच्या पॅसेजमध्ये जाऊन आवाजवाल्याला फोन लावला.

"माझ्याकडे तो मूळ आवाज कुठला असणार? तुला दिलं की पुसतो मी. सगळं मिळालं असं तूच तर सांगितलंस. का गं, काय झालं?"

"काही नाही. सहज."

पॅसेजच्या टोकाला कुणीतरी फरशी पुसत होतं. ओल्या फडक्याचा आवाज भिंतीभिंतीने येत होता. पळून जावं असं तिला वाटलं, अगदी खरोखर — जिना उतरावा, रस्ता ओलांडावा आणि चालत सुटावं, बाई थोडा वेळ वाट बघेल, मग तिची बस असेल... पण पिशवी, पाण्याची बाटली, घराची किल्ली सगळं आत होतं. माणूस किल्लीसाठी परत फिरतो, सद्गुणासाठी नाही. ती आत आली तेव्हा तिला आठवलं: शांतता. त्या घराचं ते मिनिट तिच्या संग्रहात होतं.

तिने आधी स्वतः ऐकलं. आवाजवाल्याचा विनोद. खुदकन हसणं — बाईचंसुद्धा. त्याच्याही खाली, पहिल्याच क्षणी, एक ओढलेला श्वास... आणि मग काही नाही. दूरवर गिरणीची धडधड, घड्याळ, आणि एक-दोनदा कापड दाबल्यासारखा काहीतरी बारीक आवाज, चादर सरकल्याचा असेल. बाकी स्वच्छ. इतकं स्वच्छ की श्वास काढल्यावर पडलेली भोकं बुजवायला तिने हेच वापरलं होतं, आणि मग फिल्मचा सूर एक राहावा म्हणून पहिल्या दृश्यापासून शेवटच्या पाटीपर्यंत तेच खाली पसरलं होतं. मिनिटभर तो आजारी माणूस इतका शांत कसा, असा प्रश्न तेव्हा तिला पडला नव्हता. सोय झाली होती. सोय झाली की प्रश्न पडत नाहीत.

"ताई, नाही मिळत," ती म्हणाली. पुसलं, हे तिच्या तोंडून आलं नाही. "एवढं एक आहे, पण ह्यात काही नाही. रिकाम्या खोलीचा आवाज आहे नुसता."

"ऐकू?"

तिने हेडफोन बाईच्या डोक्यावर नीट बसवला. एक पापुद्रा सुटून बाईच्या केसांत अडकला. तो काढावा की नको ह्या विचारात तिचा हात हवेत राहिला. बाईने डोळे मिटले. अंगठा नखावर घासत होता, घासत होता, आणि मग थांबला.

मिनिट संपलं तरी बाई तशीच. मग तिने हेडफोन उतरवला, दोन्ही हातांनी, भरलेलं भांडं खाली ठेवावं तसा.

"हे आहेत," ती म्हणाली.

"ह्यात? नाही हो, ह्यात—"

"तोंडावर उशी धरलीय त्यांनी."

एडिटरने ती मिनिटभराची पट्टी पुन्हा सुरुवातीला नेली.

"तुमचा माणूस म्हणाला ना, श्वाससुद्धा घ्यायचा नाही. ह्यांना आत ऐकू गेलं."

"अहो, तो विनोद करतो तसा. नेहमीच करतो."

"हो, कळलं की आम्हाला. आम्ही हसलोसुद्धा. ह्यांना वाटलं, खरंच. लोक लांबून आलेत, कामाचं आहे, आपल्यामुळे बिघडायला नको." बाई खिडकीकडे बघायला लागली, ह्या खोलीला खिडकी नव्हती, पडदा होता, तिथेच बघितलं. "मग त्याने अंगठा वर केला. ह्यांना कुठला दिसतोय अंगठा? आणि तुमची माणसं भली. आजारी माणूस आहे म्हणून पाय न वाजवता आवरायला लागली, कुजबुजत. आत कुणी झालं म्हणून सांगितलं नाही. मलाही नाही सुचलं, मी चहाचे कप विसळत होते. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा ह्यांनी उशी काढली. मी आत गेले तर ओठ निळे. संध्याकाळपर्यंत खोकत होते. आणि जरा दम पडला की विचारायचे, नीट झालं ना गं त्यांचं? माझा आवाज नाही ना आला मधे?"

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"सांगितलं, नाही आला."

एडिटरला काहीतरी म्हणायचं होतं, माफ करा, किंवा मला माहीत नव्हतं, किंवा नुसतं ताई. पण ते सगळे शब्द तिने इतक्या फिल्मांतून इतक्यांदा कापले होते, उगाच लांबवतात म्हणून. शेवटी ती म्हणाली, "हे तुमच्या फोनमध्ये घालून देऊ का?"

बाईने पिशवी मांडीवर घेतली. बराच वेळ पिशवीच्या बंदाशी खेळली. "नको," ती म्हणाली. "ह्यात ते गुदमरतायत. मला साधा हवा होता. घरातला. ते झोपलेले असताना असायचा तसा."

दारापर्यंत एडिटर तिला सोडायला गेली. बाई जिन्याच्या दोन पायऱ्या उतरली, थांबली, मागे वळली. "बाकी सगळं चांगलं झालंय हं," ती म्हणाली. "तुम्ही नका वाईट वाटून घेऊ." आणि उतरून गेली. केसांत तो काळा पापुद्रा तसाच होता.

नंतर एडिटरने फिल्म उघडली. फिल्मच्या सगळ्या पट्ट्या एकाखाली एक पसरल्या होत्या, आणि सगळ्यांत खाली, आरंभापासून अंतापर्यंत, ती करड्या रंगाची पट्टी. आतापर्यंत तिला ती शांतता म्हणून दिसायची. आता तिथे एक माणूस तोंडावर उशी दाबून बसला होता. डॉक्टर बोलत होता तेव्हाही, मुकादम खोटं बोलत होता तेव्हाही, त्याच्या स्वतःच्या मरणाची ओळ येऊन गेली तरी. चित्र काढू नका म्हणाला होता. आवाज येऊ नये म्हणून जीव कोंडला होता. आणि नेमका तोच तेवढा सगळ्या फिल्मभर, एकही क्षण न सोडता, हजर. तिने पट्टी बंद केली. बाईचे शब्द लगेच तुटके वाटायला लागले. तिने कोर्टाच्या व्हरांड्याची शांतता लावून बघितली, मग बंद शाळेची. कशी लागणार? परक्या घरात बसवल्यासारखी बाई बोलायला लागली. काढला तर तो फिल्ममधून संपूर्ण जातो, जणू त्या घरात कुणी नव्हतंच. ठेवला तर जिथे जिथे ही फिल्म लागेल तिथे तिथे तो श्वास कोंडून बसणार, गार हॉलमध्ये, अनोळखी लोकांमध्ये, गाडी सुरू झाल्याचा आवाज कधीच न येता. तिने पट्टी पुन्हा लावली. पुन्हा काढली. पुन्हा लावली.

दिग्दर्शकाचा फोन आला. मागे आता यंत्र नव्हतं; कुणीतरी बाई ओरडून रडत होती, आणि त्यावर आवाजवाल्याचा ओळखीचा सूर, 'जरा इकडून घ्या.'

"काय म्हणाली? हो म्हणाली ना?"

"हो म्हणाली."

"वाटलंच होतं मला. आणखी काही?"

सांगितलं तर काय होईल हे तिला पाठ होतं. आधी तो खरोखर हलेल, ह्यात नाटक नाही. आणि मग म्हणेल, अगं, पण हे आपल्याकडे आहे? हा शेवट आहे! काळी पाटी, आणि त्याखाली नुसतं ते मिनिट... आणि चूक म्हणता येणार नाही त्याला, तिला स्वतःला ते दारातून परत येतानाच सुचलं होतं. सुचलं होतं. बाई अजून खालच्या रस्त्यावर पोहोचलीही नसेल तेव्हा.

"नाही," ती म्हणाली. "आणखी काही नाही."

"मग पाठव. उद्या सकाळपर्यंत."

"हं."

तिने काहीच पाठवलं नाही. काही पुसलंही नाही. पट्टी होती तशी ठेवून, खोलीचा दिवा मालवून, कुलूप लावून ती घरी आली.

बाबा खुर्चीत झोपले होते. टीव्ही चालू, पण आवाज बंद. कानातलं यंत्र काढून त्यांनी हाताशी ठेवलं होतं. 'दिवसभर जगाचं रडं ऐकतेस आणि घरी बापाचं ऐकत नाहीस' हे त्यांचं नेहमीचं वाक्य आज वाट्याला आलं नाही. मान एका बाजूला पडलेली, तोंड किंचित उघडं. तिने चपला न वाजवता काढल्या, पिशवी न वाजवता ठेवली, आणि त्यांच्या समोरच्या स्टुलावर बसली. मानेला काहीतरी टोचत होतं, पापुद्रा. तो काढायला तिने हात उचलला नाही. बाबांचा श्वास ऐकू येतो का ते तिला बघायचं होतं. टीव्हीचा निळा उजेड त्यांच्या गालावरून सरकत होता. फ्रिज गुरगुरत होता, खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं, आणि ह्या सगळ्याच्या खाली कुठेतरी तो असायलाच हवा होता, साधा, झोपेतला, घरातला. रेकॉर्डर पिशवीत होता. हात जाईना. घेऊन तरी काय करणार... घेतलेलं पुसलं जातं, आणि न घेतलेलं तर जातंच.

मग आला. नाकातून, बारीक, शेवटी किंचित अडखळत. गेला. पुढचा यायला इतका उशीर लागला की ती पुढे वाकली, आणि तो यावा म्हणून, तो नीट ऐकू यावा म्हणून, आपण कधीपासून श्वास रोखून धरलाय हे तिच्या लक्षात आलं. छाती भरून आली होती, कानांत ठोके वाजत होते. सोडायला हरकत नव्हती. घरात काही चालू नव्हतं, काही बिघडणार नव्हतं, तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. पण कुणीतरी अंगठा दाखवायला हवा होता, आणि खोलीत तिच्याकडे कुणीच बघत नव्हतं.